निरोपाचा केक खाल्लेला उमेदवार

डेल्मर ब्रेकेला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी तो रोज पहाटे पाचला उठून, दाढी करून, बूट चढवून स्वयंपाकघरात येऊन बसायचा. जायचं कुठेच नसायचं. सहा वाजून दहा मिनिटं झाली की तो घड्याळाकडे बघायचा, कारण एकतीस वर्षं बरोबर त्याच मिनिटाला त्याने शाळेच्या सात नंबरच्या बसचं इंजिन सुरू केलं होतं. मग त्याची बायको आर्लिस उठायची, त्याच्यासमोर कॉफी ठेवायची आणि म्हणायची, "पाय वर घे, फरशी पुसायचीय."

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी त्याने पाय वर घेतले नाहीत. त्याच्या हातात आमच्या नॉर्बी गावाचं साप्ताहिक होतं. तिसऱ्या पानावर, सर्वांत मोठ्या भोपळ्याच्या बातमीखाली, शाळा मंडळाची सूचना होती. सात नंबरचा सध्याचा ड्रायव्हर नाताळनंतर मुलाकडे ॲरिझोनाला राहायला जाणार. त्याच्या जागी कोणी मिळत नाही. सबब जानेवारीपासून बदकतळ्यापलीकडचा फेरा बंद. तिकडच्या पाच मुलांनी हमरस्त्यावर चालत येऊन तीन नंबरची बस पकडावी.

"सव्वा मैल!" डेल्मर म्हणाला. "जानेवारीत! शून्याखाली वीस असतं तेव्हा. आणि ती व्हँगांची धाकटी, तिचे हातमोजे आठवड्यातून दोनदा हरवतात. कोणीतरी काहीतरी करायला पाहिजे."

"मग रस्ता ओलांड आणि हार्लनला सांग, मी चालवतो म्हणून."

हार्लन स्टेनरूड म्हणजे समोरच्या घरातला शेजारी, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि शाळा मंडळाचा अध्यक्ष. तिन्ही गोष्टी तो चांगली तीस वर्षं सांभाळत होता.

"मी कसं सांगू?" डेल्मर म्हणाला. "मी केक खाल्लाय."

हे केकचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये कॉफी पिताना डेल्मर सहज म्हणून गेला होता, की हल्ली पहाट जरा लवकर होते. एवढंच. पण आमच्या गावात माणूस दुखणं, तक्रार आणि इच्छा या तिन्ही गोष्टी हवामानाच्या नावाखाली सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांनी त्यातून बिचाऱ्याला निवृत्त व्हायचंय असा अर्थ काढला. पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात पिवळ्या बसच्या आकाराचा केक हजर झाला. त्यावर साखरेच्या अक्षरांत लिहिलं होतं, "धन्यवाद, डेल्मर." निवृत्त व्हायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण केकवर नाव घातलेलं, हार्लनने हातात सुरी घेतलेली, दीडशे माणसं उभी राहिलेली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. त्याने केक खाल्ला, भिंतीवरचं घड्याळ स्वीकारलं आणि घरी येऊन गॅरेजमध्ये एकटाच तासभर बसला.

"मी स्वतःहून परत मागायला गेलो तर लोक म्हणतील, केक फुकट खाल्ला," डेल्मर म्हणाला. "हार्लनने विचारलं तर गोष्ट वेगळी."

"तो कसा विचारेल? त्याने केक कापलाय," आर्लिस म्हणाली. "पाय वर घे."

डेल्मर उठला आणि तडक शाळेच्या कचेरीत गेला. तक्रार नोंदवायची, तीही कोणाचं नाव न घेता, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. कचेरीत व्हर्डेल होती. ती पहिलीत असल्यापासून सात नंबरच्या बसमध्ये बसलेली, त्यामुळे चाळिशीला आली तरी त्याला काकाच म्हणायची.

"तक्रारीचा फॉर्म नाहीये हो, डेल्मरकाका," ती म्हणाली. "कोणी कधी केलीच नाही. निवडणुकीचा फॉर्म आहे. आज शेवटचा दिवस, पाचपर्यंत. हार्लनच्याच जागेची मुदत संपतेय आणि समोर कोणीही नाही."

"नको नको, ते कशाला. मी आपलं सहज आलो होतो."

पण तोवर व्हर्डेलने खालच्या खणातून फॉर्म काढला होता. त्यासाठी तिला गुडघ्यावर बसावं लागलं होतं, आणि उठताना ती "आई गं" म्हणाली होती. शिवाय तिने वरच्या ओळीत त्याचं नाव सुवाच्य अक्षरात लिहूनही टाकलं होतं. आता हा कागद फाडायचा म्हणजे तिच्या गुडघ्याचा अपमान.

"निवडून आलात तर एक नियम आहे हं," तिने चष्मा लावून वाचलं. "मंडळाच्या सभासदाला शाळेची कुठलीही पगारी नोकरी करता येणार नाही."

"मी तर निवृत्त झालोय," डेल्मर म्हणाला आणि त्याने सही केली. नाहीतरी मंडळात बसून फेरा वाचवता येईलच की, असं त्याने स्वतःला समजावलं. आपली जुनी नोकरी परत मागायला लाजणारा माणूस अशा रीतीने जाहीर निवडणुकीला उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने आर्लिसला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलता सोलता थांबली.

"म्हणजे एका माणसाला एक वाक्य बोलायला नको, म्हणून तू सगळ्या गावापुढे भाषणं करणार?"

"भाषणं नाहीत गं. नुसता उभा राहिलोय."

"नियमबियम काही सांगितला का व्हर्डेलने?"

"आहे एक. सभासदाला शाळेत नोकरी नाही. माझा काय संबंध?"

आर्लिसच्या हातून आता बटाट्याची सालं जरा जाड निघू लागली.

संध्याकाळी डेल्मर रस्ता ओलांडून हार्लनकडे गेला. समोर उभं राहायचं तर निदान माफी तरी मागायला हवी.

"छे छे, माफी कसली!" हार्लन म्हणाला. "चांगलंच केलंस. लोकांनी पुढे यायलाच पाहिजे. प्रचाराच्या पाट्यांना काठ्या आहेत का तुझ्याकडे? मागच्या वेळच्या माझ्या उरल्यात शंभरेक. घेऊन जा."

"अरे नको, कशाला."

"घे रे, पडूनच आहेत."

"तुला लागतील."

"डेल्मर, घे."

डेल्मरने घेतल्या. आमच्याकडे हे असंच असतं. पहिल्यांदा विचारलं की ते ऐकूच आलं नाही असं धरायचं. दुसऱ्यांदा विचारलं ते रीत म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याच्या मनात खरंच आहे, आणि मग हो म्हणायला हरकत नाही. पहिल्याच खेपेला हो म्हणणारी माणसं बहुतेक शिकागोहून आलेली असतात.

काठ्या मिळाल्या, आता पाट्या हव्या होत्या. डेल्मर-आर्लिसची मुलगी क्रिस्टा मिनियापोलिसला जाहिरातींच्या कंपनीत होती. तिचा फोनवरचा उत्साह इतका होता, की डेल्मरने रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला.

"बाबा, लिहून घे. 'डेल्मर ब्रेके: मुलांचा खरा रक्षक!'"

"अगं, काहीतरीच! लोकांना तोंड कसं दाखवू मी?"

"बरं. 'अनुभवी, निर्भय, सर्वोत्तम.'"

"सर्वोत्तम कुठे! लेस्टर माझ्यापेक्षा चांगली बस चालवायचा."

"लेस्टर वारला, बाबा."

"म्हणून काय झालं?"

तासाभराच्या घासाघिशीनंतर बापाला सोसवेल असं एकच वाक्य निघालं. आठ दिवसांनी शंभर निळ्या पाट्या आल्या. त्यांवर पांढऱ्या अक्षरांत होतं, "डेल्मर ब्रेके. तसा वाईट नाही."

पाट्या लावणं सोपं गेलं, आणि तिथेच घोटाळा झाला. डेल्मरने ज्याला विचारलं तो हो म्हणाला. पण त्यातल्या बहुतेकांनी हार्लनलाही हो म्हटलेलं होतं. एकाची लावायची आणि दुसऱ्याची काढायची, हे कोणाच्या जिवाला पटेना. सप्टेंबर संपेपर्यंत गावातल्या प्रत्येक अंगणात निळी पाटी आणि शेजारी हार्लनची लाल पाटी, लग्नाच्या फोटोतल्यासारख्या जोडीने उभ्या राहिल्या. एका सकाळी हार्लनच्या स्वतःच्या अंगणात "तसा वाईट नाही" उगवली. झालं, डेल्मरला स्वतःच्या अंगणात हार्लनची लावणं भाग पडलं. दोघांच्या पाट्या आता रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांचा प्रचार करत होत्या. कोण कोणाच्या बाजूचा आहे, हे सांगायला देवच हवा होता.

"घरोघरी जा," क्रिस्टा फोनवर ओरडली. "समोरासमोर मत माग!"

डेल्मर जायला लागला. आर्लिसने त्याला वहीत मतदारांची यादी करून दिली. पहिल्या दिवशी तो दुपारी एकला निघाला तो पाचला परत आला.

"किती घरं झाली?"

"दोन."

"चार तासांत दोन?"

"ग्लेनाने कॉफी विचारली. मी नको म्हटलं. तिने परत विचारलं, मी नको म्हटलं. मग तिने परत विचारलं. मग खजुराच्या वड्या काढल्या, त्याही नको म्हटलं..."

"समजलं. मतं मागितलीस का?"

"विषय निघाला नाही."

"मग काय विषय निघाला चार तास?"

"पाऊस कमी झाला यंदा."

असा महिनाभर विषय निघाला नाही. डेल्मरने एकेचाळीस घरी कॉफी घेतली, लिंबाच्या, खजुराच्या आणि भोपळ्याच्या मिळून दोनेकशे वड्या खाल्ल्या, आणि पट्ट्याला एक नवीन भोक पाडून घेतलं. मत एकाकडेही मागितलं नाही. रोज संध्याकाळी मात्र तो व्हॅन घेऊन बदकतळ्याकडे एक चक्कर मारून यायचा. वळणावळणाच्या त्या खडीच्या रस्त्यावर त्याचे हात आपोआप वळायचे. व्हँगांच्या फाटकापाशी तो क्षणभर थांबायचा, दार उघडल्यासारखं करायचा आणि पुढे जायचा. इथे ती पोरं पहाटेच्या अंधारात उभी राहणार आणि आपण उबदार स्वयंपाकघरात घड्याळ बघत बसणार, हा विचार त्याला गिळवत नव्हता. हे तो आर्लिसला कधी बोलला नाही. ती रोज व्हॅनवरची धूळ बघायची.

ऑक्टोबरच्या शेवटी चर्चच्या तळघरात उमेदवारांची सभा झाली. जिथे केक कापला होता त्याच टेबलामागे दोघांना बसवलं. पास्टरबाईंनी चिठ्ठी उघडून पहिला प्रश्न वाचला, "लोकांनी आपल्यालाच मत का द्यावं?"

डेल्मर उभा राहिला. "हार्लनने काम चांगलं केलंय," तो म्हणाला. "छताची गळती काढली. व्यायामशाळेत नवीन फळ्या टाकल्या. माणूस मेहनती आहे." आणि खाली बसला.

हार्लन उठला. "मुलांबद्दल आणि रस्त्यांबद्दल डेल्मरला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत एकदाही बस चरात गेली नाही." आणि तोही खाली बसला.

लोकांनी दोघांनाही सारख्याच टाळ्या वाजवल्या. क्रिस्टा खास मिनियापोलिसहून आली होती. तिने हातात डोकं धरलं.

मग मागून ग्लेनाने विचारलं, "बदकतळ्याच्या फेऱ्याचं काय?"

हार्लनने खाकरून घसा साफ केला. "मला काय हौस आहे बंद करायची? तीन महिने जाहिरात देतोय. ड्रायव्हर मिळाला तर फेरा सुरूच राहील. पण मिळत नाही. ज्यांना तो रस्ता माहीत आहे, ते... म्हणजे, त्यांनी आयुष्यभर कष्ट केलेत. त्यांना आता पुन्हा पहाटे उठवायचं, हे काही बरोबर नाही."

असं म्हणून त्याने डेल्मरकडे पाहिलं. डेल्मरने कॉफीच्या कपात पाहिलं. डेल्मरने नुसता हात वर केला असता तरी त्या क्षणी निवडणूक, फेरा आणि आमचे सगळ्यांचे हाल संपले असते.

"हं," डेल्मर म्हणाला. "पहाट लवकर होते खरी."

"हो ना," हार्लन म्हणाला.

मागे हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, वाढायला उभ्या असलेल्या आर्लिसच्या हातातला डाव ट्रेवर असा आपटला, की वरचे तळलेले बटाटे उडून पास्टरबाईंच्या पायाशी गेले. "हात निसटला," ती म्हणाली.

मतदानाच्या मंगळवारी सकाळपासून बर्फ पडायला लागलं. डेल्मरच्या अंगात वारं शिरलं. असा दिवस त्याचाच. व्हॅनच्या चाकांना साखळ्या लावून तो म्हाताऱ्या मतदारांना आणायला निघाला. क्रिस्टाने फोनवर बजावलं होतं, की फक्त आपल्या मतदारांना आण. पण आपले कोण हे पाट्यांवरून कळत नव्हतं, आणि दारात उभ्या माणसाला "कोणाला देणार?" असं विचारणं म्हणजे त्याचा पगार विचारण्यासारखं. त्याने सगळ्यांना आणलं. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला बदकतळ्याच्या वळणावर हार्लनचा पिकअप चरात नाक खुपसून उभा दिसला. आत हार्लन, त्याची एक्याण्णव वर्षांची आई आणि दोन मावश्या.

"मावश्यांना मतदानाला नेत होतो," हार्लन खाली मान घालून म्हणाला. "तू जा पुढे, डेल्मर. आमची काहीतरी सोय होईल."

"बसा."

"नको, तुझा वेळ जाईल."

"बसा म्हटलं ना."

"अरे पण आम्ही सगळे तर..."

"हार्लन, आई गारठलीय. बसा."

हार्लन पुढे डेल्मरशेजारी बसला. पुढचा सव्वा मैल खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. डेल्मर एका हाताने चाक धरून, कुठे खड्डा, कुठे पुलाचा कठडा, हे न बघता सांगत होता. व्हँगांच्या फाटकापाशी त्याने सवयीने गाडी हळू केली. हार्लन त्याच्याकडे बघतच राहिला. दोनदा त्याने बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मागे तिन्ही म्हाताऱ्या, कोणाला मत द्यायचं त्याची उजळणी करत होत्या. तिघी हार्लनलाच देणार होत्या. डेल्मरने त्यांना एकेकीला हात धरून पायऱ्या चढवल्या.

मग तो स्वतः मत द्यायला गेला. मतपत्रिकेवर दोन नावं होती. स्वतःच्या नावापुढचा गोल काळा करायचा, म्हणजे पाहुण्यांच्या आधी ताटातला मोठा तुकडा उचलण्यासारखं वाटलं त्याला. पेन्सिल त्या गोलावर गेली आणि खाली घसरली. त्याने हार्लनचा गोल व्यवस्थित काळा केला. शेजारच्या आडोशात आर्लिस होती. तिने मात्र एक क्षणही घेतला नाही. कागद भरला, पेटीत टाकला आणि घाईघाईने घरी गेली. काहीतरी शिवायचं राहिलंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्डेलने शाळेच्या दारावर निकाल चिकटवला. हार्लन स्टेनरूड २०७. डेल्मर ब्रेके २०६.

"एका मताने!" क्रिस्टा फोनवर किंचाळली. "बाबा, फेरमोजणी माग!"

"मोजणाऱ्यांना परत कशाला त्रास? त्यांनी एकदा मोजलंय."

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात बसला. निवडणूक हरल्याचं त्याला काडीचं वाईट वाटलं नव्हतं. पण सहा वाजून दहा मिनिटांनी बस सुटणार नाही असे दिवस आता ठरून गेले, हे त्याच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं. "मला काहीच जमलं नाही गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. आर्लिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तेवढ्यात दार वाजलं. हार्लन होता, हातात वड्यांचा ट्रे. टोपी आणि हातमोजे त्याने दाराशेजारच्या बाकावर ठेवले. जिंकल्याबद्दल त्याला इतकं अवघडल्यासारखं झालं होतं, की तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"मी तुला मत दिलं, डेल्मर," तो म्हणाला. "स्वतःला देणं बरं दिसलं नसतं."

"मी तुला दिलं," डेल्मर म्हणाला.

दोघंही लाजून कॉफीत बघत बसले. बर्फाचा विषय झाला. मावश्यांचा विषय झाला. मग हार्लनने कपाच्या कानाशी खेळत म्हटलं, "काल तू गाडी चालवत होतास ना, तेव्हा मनात आलं. तुला त्रास नसेल तर... सात नंबर..."

डेल्मरला लगेच हो म्हणायचं होतं. पण एकोणसत्तर वर्षांची सवय जिभेवर बसलेली. "छे रे," तो म्हणाला. "माझं वय झालं आता."

आर्लिसचा फरशी पुसणारा हात थांबला.

"नाही, मी आपलं म्हटलं, तुला वाटलं तर," हार्लन म्हणाला.

"कोणीतरी तरुण बघा. माझ्यासारख्याचं काय."

म्हणजे दोनदा झालं. हार्लनने मान हलवली. आता तिसऱ्यांदा विचारायचं. पण बाहेर गाडीत त्याची आई बसली होती, तिला मावश्यांकडे सोडायचं होतं, आणि नेमका त्याच वेळी तिने हॉर्न वाजवला. लांब, एकसारखा. हार्लन दचकून उठला. बूट घातले. डेल्मरही उठला. दाराशी उभं राहून दोघं पुन्हा बर्फाबद्दल बोलले. पायरीवर उभं राहून रस्त्यावरच्या मिठाबद्दल बोलले. तिसरं विचारणं येईना. हॉर्न पुन्हा वाजला आणि हार्लन गाडीत बसला.

"गेला," डेल्मर पुटपुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपण शिकागोला जन्माला आलो असतो तर बरं झालं असतं.

गाडी वीसेक फूट मागे गेली आणि थांबली. हार्लन उतरून पुन्हा पायरीपाशी आला. "माझा एक हातमोजा राहिला वाटतं."

"हो का?" आर्लिस दारात येऊन म्हणाली. तिने ॲप्रनच्या खिशातून हातमोजा काढला. "हा बघ. बाकावरून पडला असेल."

तिने तो लगेच दिला नाही. हातात धरून ठेवला आणि हार्लनकडे बघत राहिली. हार्लनने मोज्याचं दुसरं टोक धरलं. त्याने ओढलं. तिने सोडलं नाही. काहीतरी बोलल्याशिवाय सुटका नाही, हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं.

"डेल्मर," तो म्हणाला, "मी खरंच विचारतोय रे. चालवशील का?"

आर्लिसने मोजा सोडला.

"आता दुसरं कोणी नसेलच," डेल्मर म्हणाला, "तर बघू या."

हे आमच्याकडचं हो. हार्लनने त्याचा हात इतका वेळ हलवला, की म्हातारीने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला.

जानेवारीची वाट कोण बघतो? सोमवारी जाऊन रस्ता एकदा नीट बघून येतो, असं म्हणत डेल्मर माळ्यावरच्या पेटीतून बसचा जुना कोट काढायला निघाला. पेटीत कोट नव्हता. तो दाराच्या मागे खुंटीवर होता, धुतलेला, इस्त्री केलेला. निवृत्तीच्या वेळी त्याची दोन बटणं तुटलेली होती. आता चारही जागेवर होती, नव्या काळ्या दोऱ्याने पक्की बसवलेली.

त्याने बटणावरून बोट फिरवलं. "हे कधी शिवलंस?"

"मंगळवारी," आर्लिस म्हणाली. "मतदानाहून आल्यावर."

डेल्मर कोट हातात धरून उभा राहिला. मंगळवारी तर निकालही लागला नव्हता. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. आपलं मत हार्लनला, हार्लनचं आपल्याला, ते फिटलं. राहिलं एक.

"आर्लिस," तो हळूच म्हणाला, "तू मत कोणाला दिलंस?"

आर्लिसने बादलीत फडकं पिळलं.

"सभासदाला नोकरी करता येत नाही," ती म्हणाली. "पाय वर घे."